पळणाऱ्याचा ठसा

न्यूपोर्टच्या बंदराला लागून छापखाना टिलिंगसाहेबाचा.
मी तिथला जुळारी. नाव मिंगो, आडनाव मालकाचं.
लिहायला मला कुणी शिकवलं नाही.
वाचायला शिकलो तेही उलटं:
अक्षरं आरशातली, ओळी डोक्यावर उभ्या.
अजूनही सरळ छापलेलं पान
मला जरा खोटंच वाटतं.

त्या जुलैत फिलाडेल्फियाचा कागद घेऊन घोडेस्वार आला.
मालकाने घडी उलगडली, वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"रात्रीतून जुळव. एक खिळा चुकला तर चामडी लोळवीन."

देवमाशाच्या चरबीची मेणबत्ती लावून बसलो.
'सर्व' जुळवलं.
'माणसं' जुळवताना एक खिळा बोटांतून निसटला,
टणकन वाजला, पेटीखाली गेला.
गुडघे टेकून, मेणबत्ती जमिनीला लावून
शोधला त्याला.
'समान'पर्यंत यायला उजाडलं.
मनात काय आलं म्हणून लोक विचारतात हल्ली.
पाठ भरून आली होती, एवढं आठवतं.

चौकात तो कागद कुणी खड्या आवाजात वाचला.
टोप्या उडाल्या. रमचं पिंप फुटलं.
मी खिडकीशी.
वाचणारा श्वास घ्यायला थांबे
तेव्हा पुढची ओळ माझ्या ओठांवर असे.

मग खिळे सोडवायला घेतले.
आमच्या धंद्यात सोडवणं म्हणजे
धुऊन, पुसून, ज्याला त्याला
आपापल्या खणात परत टाकणं.

गुरुवारी जाहिरात आली.
'पळाली आहे: फिबा नावाची काळी दासी.
वय तेवीस. उंच. डाव्या भुवईवर व्रण.
अंगात निळा लोकरी झगा.
धरून देणाऱ्यास आठ डॉलर.'
खिळे तेच. आमच्याकडे दुसरा संच नव्हता.
स्वातंत्र्यातले काही तिच्या व्रणात गेले,
काही डॉलरांत.

आणि वर, कोपऱ्यात, तो ठसा.
पेअरच्या लाकडात कोरलेला, अंगठ्याएवढा:
काठी, गाठोडं, एक पाय हवेत.
बाई पळो, बाप्या पळो, चौदा वर्षांचं पोर पळो,
सगळ्यांना हाच.
अकरा वर्षं मी त्याला शाई लावत होतो
आणि तो एक पाऊल पुढे गेला नव्हता.

फिबा मला ठाऊक होती.
विहिरीवर एकदा तिने माझ्या हातांकडे पाहून विचारलेलं,
"ही शाई कुठे संपते आणि तू कुठे सुरू होतोस?"
मला उत्तर सुचलं नव्हतं.
आता सुचलं ते असं:
उंच काढून ठेंगणी.
डाव्याच्या जागी उजव्या.
निळ्याऐवजी तपकिरी.

मालकाने कच्ची प्रत तपासली.
बोट थेट आकड्यावर.
आकडा बरोबर होता.

ती सुटली का? माहीत नाही.
ठेंगणी, उजव्या भुवईवर व्रण असलेली
दुसरी कुणी माझ्यामुळे धरली गेली नसेल ना,
हे रात्री येतं कधी कधी.

डिसेंबरात राजाची गलबतं बंदरात शिरली.
मालक पेट्या बांधू लागला, मला शिव्या देत.
राजाचे लोक म्हणत, आमच्याकडे ये, मोकळा करू.
इकडचे म्हणत, बंदूक उचल, मोकळा करू.
दोन्ही जाहिराती मी बिनचूक जुळवून दिल्या असत्या.
पहाटे एका कोळ्याच्या होडीत
माशांच्या टोपल्यांमागे आडवा झालो
आणि तिसरीकडे गेलो.

वूस्टरच्या एका खानावळीत भिंतीवर मला मी सापडलो.
'मिंगो. जुळारी. बोटं काळी ती शाईनेही.
शहाणपणाचा आव आणतो. तीस डॉलर.'
कुणा नवशिक्याने जुळवलं होतं; ओळी वाकड्या,
माझ्या नावात एक अक्षर कमी.
वर कोपऱ्यात, ठशाच्या जागी,
नुसता चौकोन, कोरा.

मी उभ्या उभ्या आमटी संपवली.
खिशात काठीचं टोक
मांडीला टोचत होतं.